एकटीने उलटवलेली बोट

११ मे, रविवार

मातृदिन. रविवारी फेरीबोट नसते, म्हणून लेकीला, सैलाला, आणायला बोट घेऊन पलीकडच्या धक्क्यावर गेले. येताना तिच्या नव्या बुटांत पाणी शिरलं आणि तिथेच सगळा घात झाला. बोटीत पाणी येतंय हे मला एप्रिलपासून माहीत होतं, म्हणून तर मी पायाखाली फळी टाकली होती. सैलाने फळी उचलून बघितली. झाकलेलं उघडून बघायची खोड तिला लहानपणापासून आहे.

कॉफी होईपर्यंत तिने बूट वाळत ठेवले. मग पर्समधून कागद काढला. शहरात फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. नोव्हेंबरपासून मिळेल. कागदावरच्या चित्रात एक म्हातारी आणि एक म्हातारा खिडकीपाशी उभे राहून पार्किंगकडे बघत हसत होते. पार्किंगमध्ये हसण्यासारखं काय होतं ते काही चित्रात आलं नव्हतं.

“आई, तू बहात्तरची आहेस,” सैला म्हणाली. “इथे शेजार म्हणजे काय, तर खाडीपलीकडचा ताइस्तोकाका. तो वर्षाला बारा वाक्यं बोलतो.” मी म्हटलं, यंदा तेरा झाली, हिवाळा लांबला ना. तिला हसू आलं नाही. ती विमा कंपनीत आहे.

मग ती म्हणाली की अॅल्युमिनियमची पावणेपाच मीटरची बोट उलटी करून तळ घासून रंगवणं हे दोन धडधाकट माणसांचं काम आहे, आणि ज्या बाईला स्वतःची बोट सांभाळता येत नाही तिने बेटावर राहू नये. मी म्हटलं, मला येते. डोक्याने विचार करायच्या आत तोंड बोलून गेलं होतं. मग काय, करार झाला. जूनमधल्या उन्हाळी सणाच्या, युहान्नुसच्या, आदल्या दिवशी सैला येणार. तोवर बोट उलटी, घासलेली, रंगवलेली हवी. एकटीने. झालं तर फ्लॅटचा विषय मी काढेपर्यंत निघणार नाही. नाही झालं तर सही.

“कुणाला बोलवायचं नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, पोरी, या बेटावरच्या चौतीस वर्षांत मी कुणाला बोलावलंय? तुझा बाप पाठदुखी म्हणून कण्हत स्पेनला गेला आणि तिथे पाठ बरी झाली म्हणून राहिला, तेव्हासुद्धा बोलावलं नाही.

म्हणून ही वही. चाळीस वर्षं टपाल कचेरीत काढली आहेत. ज्याच्यावर तारखेचा शिक्का नाही ते झालंच नाही असं मी मानते.

१३ मे, मंगळवार

मोटर उतरवली. बोटशेडच्या तुळईला कप्पी बांधली, मोटर उचलली, खाली ढकलगाडी सरकवली, सोडली. एक तास लागला आणि एक नख गेलं. नख परत येतं.

ताइस्तो त्याच्या किनाऱ्यावर पाइप ओढत उभा होता. मधे दीडशे मीटर पाणी. त्याने मान हलवली, मीही हलवली. आमच्याकडे एवढं पुरतं. तो आयुष्यभर खाडीतले वाट दाखवणारे तरंगते बॉय आणि दिवे सांभाळायचा सरकारी नोकर होता, त्यामुळे दुरून बघत राहायची त्याला सवयच आहे. सैलाला वाटतं ही माणुसघाणी वस्ती आहे. तिला शहरातला शेजार ठाऊक, जिथे लोक न विचारता साखर मागायला येतात. इथे बोलावल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवत नाही आणि मागितल्याशिवाय कुणी मदतीचा हात पुढे करत नाही, कारण तसं करणं म्हणजे समोरच्याला तोंडावर सांगणं की तुला जमत नाही. ताइस्तो वर्षातून दोनदा माझ्याकडे येतो, माझ्या नामदिनाला, म्हणजे कॅलेंडरात माझं नाव असतं त्या दिवशी, आणि युहान्नुसला, दोन्ही वेळा आमंत्रणाने आणि दोन्ही वेळा दाढी करून.

१७ मे, शनिवार

गळती शोधली. बोट ठोकळ्यांवर ठेवून आत बादल्यांनी पाणी भरलं आणि खाली आडवी होऊन बघत राहिले. जिथे थेंब येईल तिथे खूण करायची. खडू ओल्यावर उठेना, म्हणून सैलाने नाताळात दिलेली लिपस्टिक आणली. पत्रे जोडणारे अकरा रिव्हेट गळतात. त्या लिपस्टिकचा आजवर एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

पाणी सोडलं, सॉना तापवला, पाठ शेकली. उद्या आराम.

२० मे, मंगळवार

आजचा दिवस लाल अक्षरांत लिहायला हवा, पण लाल पेन नाही.

सकाळी सहाला सुरुवात केली. बोटीच्या एका कडेला दोन दोर बांधले, दोर पाइनच्या खोडाला लावलेल्या विंचेत, म्हणजे दातेरी ओढयंत्रात, घातले आणि दांडा मारत गेले. एक दात, एक श्वास. अडीचशे किलोचं धूड हळूहळू कडेवर उठलं. साडेनऊला ती कडेवर सरळ उभी होती आणि तिथेच विंच अडकली. ना पुढे ना मागे. मी दांड्याला लोंबकळले, शिव्या घातल्या, वंगण घातलं, काही नाही. वर दहाच्या फेरीबोटीने दुकानात जाणं भाग होतं, कारण घरात कॉफी संपलेली. कॉफीशिवाय मी विंचच काय, डोळेही उघडू शकत नाही. दोन जादा दोर बांधून बोट तशीच उभी ठेवली आणि गेले. पडली तर पोचा येणार, आणि पोचा आला तर सही.

एकला परत आले. बोट उलटी होऊन पडलेली होती. नीट, सरळ, तळ आकाशाकडे, चार टायरांवर. एक ओरखडा नाही.

नैऋत्येचा वारा होता. फेरीबोटीवरच खलाशी म्हणाला होता की सेकंदाला बारा मीटरचा वारा आहे. दोर मीच असे बांधले होते की वारा आला तर बोट योग्य बाजूलाच जावी. युक्ती माझी आणि ताकद वाऱ्याची. करारात वाऱ्याला बोलवायचं नाही असं कुठे म्हटलंय?

संध्याकाळी ताइस्तो किनाऱ्यावर दिसला. मी हाताने बोट दाखवली. त्याने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मान हलवली. एका वाक्याइतकी दाद होती ती.

२२ मे, गुरुवार

टायरांचं काही कळत नाही.

वाऱ्याने बोट उलटवली हे ठीक. पण टायर तर शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले होते. माझा बेत असा होता की बोट उलटायला आली की मग ते खाली सरकवायचे. ते सरकवलेले आठवत नाहीत. म्हणजे मी निघायच्या आधीच ठेवले असणार, घाईत. दुसरं कोण ठेवणार?

हे सैलाला फोनवर सांगितलं नाही.

२७ मे, मंगळवार

फेरीबोटीची वाट बघत बेटाच्या टोकाच्या सरकारी धक्क्यावर उभी होते. ताइस्तोही होता, तो त्याच्या होडीने वल्हवत येतो. हवा, मासे, बोटीला उशीर, असे तीन विषय झाले. मग त्याने विचारलं तळाला कुठला रंग. मी म्हटलं लाल. आमच्या जुन्या लाकडी बोटीचा तळरंग शेडमध्ये आहे, डबा फोडलेलाही नाही, नवा कशाला आणायचा?

त्याने पाइप पेटवला. “काही लोक लाल लावतात,” तो म्हणाला. मी वाट बघितली. “काही लोक अॅल्युमिनियमला लाल लावत नाहीत.”

आता हा माणूस स्वतः तीस वर्षं तपकिरी स्वेटर घालून फिरतो, त्याने मला रंगसंगती शिकवावी? मी म्हटलं, काही लोकांना लाल आवडतो. बोट आली.

२९ मे, गुरुवार

लाल डबा सापडत नाही.

खालच्या फळीवर, डावीकडून तिसरा. कालपरवापर्यंत तिथेच होता. सगळं शेड पालथं घातलं. जाळी झटकली, बादल्या उलट्या केल्या. नाही.

कुरव पक्षी उघड्या दारातून आत शिरतात आणि मिळेल ते पळवतात, पण अडीच लिटरचा डबा पळवणारा कुरव अजून अंड्यातून यायचा आहे.

३ जून, मंगळवार

हात टेकले आणि दुकानात नव्या रंगाची चौकशी केली. दुकानदाराने विचारलं जुना कुठला होता. सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. त्या लाल रंगात तांबं असतं म्हणे. लाकडाला उत्तम, पण अॅल्युमिनियमला लावून खाऱ्या पाण्यात सोडलं की तांबं अॅल्युमिनियमला खातं. दोन उन्हाळ्यांत तळाची चाळण झाली असती. “हरवला हे तुमचं नशीब,” तो म्हणाला. बिनतांब्याचा करडा रंग घेतला, प्रायमर घेतला, आणि पॉलिश पेपरचे वीस कागद.

ताइस्तोला हे माहीत होतं का? माहीत असतं तर सरळ सांगितलं नसतं का? नाही, नसतं सांगितलं. पण मग त्याने जे सांगितलं तेच सांगणं होतं की काय. असो. रंग हरवला म्हणून बोट वाचली. आजच्यापुरतं एवढं पुरे.

५ जून, गुरुवार

लाल डबा सापडला. सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या जाळ्यांच्या मागे. तिथे हात पोचायला मला शिडी लावावी लागते. डबा भिंतीकडे तोंड करून नीट ठेवलेला होता.

मी ठेवलेला नाही. पण शेड माझं आहे आणि बेटावर मी एकटी आहे. म्हणजे मीच ठेवला आहे.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा लोणच्याच्या बरणीत, मग हातमोजे भट्टीत. ती म्हणायची, कुणीतरी येऊन ठेवतं. आम्ही हसायचो. शेवटच्या वर्षी ती मला टपालवाली म्हणायची, मुलगी नाही. तिचं चुकत होतं असंही नाही, मी टपालवालीच होते. पण मला रडू यायचं.

चाळीस वर्षांत मी एक पत्र इकडचं तिकडे केलं नाही. अख्ख्या किनारपट्टीचे पिनकोड पाठ आहेत. आत्ताच म्हणून बघितले. सगळे आले. मग दोनदा म्हणून बघितले.

हे पान सैलाला दाखवायचं नाही. मग पुराव्याची वही कसली?

१० जून, मंगळवार

आज सगळ्यात कठीण काम झालं. अॅल्युमिनियमचं असं आहे की घासून उघडं केलं की त्याच दिवशी प्रायमर बसायला हवा, नाहीतर हवेने त्यावर पुन्हा न दिसणारा थर चढतो आणि रंग धरत नाही. दोन माणसं असली की एक घासतो, दुसरा मागून लावत येतो. मी पहाटे पाचला घासायला घेतलं. पांढरी भुकटी नाकातोंडात. लोखंडी ब्रश वापरायचा नाही, हे मला माहीत होतं, नशिबाने ते तरी आठवत होतं. अकरा रिव्हेट ठोकून बसवले, वर भरण लावलं. दुपारी दोनला धुऊन पुसून प्रायमर सुरू केला आणि पाचला शेवटचा हात मारला. खांदे माझे नव्हतेच जणू. आत जाऊन बाकावर पाच मिनिटं पडले.

डोळा उघडला तो पत्र्यावरच्या आवाजाने. पाऊस. धो धो. तशीच नुसत्या मोज्यांवर बाहेर पळाले. ओला प्रायमर पावसात म्हणजे सगळं पुन्हा घासा.

बोटीवर ताडपत्री होती. मधे फळ्या उभ्या करून तंबूसारखी ताणलेली, रंगाला कुठे न लागणारी. चारी कोपरे दगडांना बांधलेले. गाठी माझ्या नेहमीच्या गाठींपेक्षा चांगल्या होत्या.

मी पावसात उभी राहिले. ताडपत्री घातलेली मला अजिबात आठवत नव्हती. झोपेत चालत येऊन घातली? लोक झोपेत चालतात, मान्य. पण झोपेत एवढ्या चांगल्या गाठी मारतात?

बोट वाचली. आनंद व्हायला हवा. नाही झाला.

१४ जून, शनिवार

सॉना तापवला नाही. शनिवारी सॉना नाही असं या घरात कधी झालं नव्हतं, बाळंतपणाच्या वेळीही नाही. लाकडं काढली, हातात धरून उभी राहिले, परत ठेवली. वाटलं, पेटवीन आणि विसरून जाईन.

दिवसभर खिडकीत बसले. विचार केला की सैलाचं बरोबर आहे. ती म्हणते बोट जमत नाही म्हणून चल. बोट तर जमली. झेपत नाहीये ते डोकं. करार मी जिंकणार आणि तरी मला जावं लागणार, आणि खरं कारण मी तिला सांगणार नाही. तिसऱ्या मजल्यावर जाऊन पार्किंगकडे बघून हसेन. मग मला कळेल त्यात हसण्यासारखं काय आहे.

फार भीती वाटते आहे. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते.

१७ जून, मंगळवार

करड्या रंगाचे दोन हात झाले. सरळ, एकसारखे, ओघळ नाही. मी बोटीभोवती फिरले आणि बघितलं. सुंदर झाली आहे. हे मात्र मला पूर्ण आठवतं. ब्रशचा प्रत्येक फटकारा आठवतो. ब्रश थिनरमध्ये धुऊन खिळ्याला टांगला तेही आठवतं. दहा वेळा जाऊन बघितलं, खिळ्यालाच आहे.

२० जून, शुक्रवार

युहान्नुसचा आदला दिवस. दाराशी बर्चच्या फांद्या लावल्या. सैला फेरीबोटीने आली. ताइस्तो आमंत्रणाप्रमाणे दाढी करून आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा घेऊन. अंगात तपकिरी स्वेटर.

सैला बोटीभोवती दोनदा फिरली, हाताने तळ चाचपला, रिव्हेट मोजले. “आई, खरंच एकटीने?” मी म्हटलं, वहीत तारखा आहेत. तिने मला मिठी मारली. ती मिठी मारणाऱ्यातली नाही. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

जेवायला बसलो. नवे बटाटे, शेपू, ताइस्तोचा मासा. सैलाने विचारलं, उलटवलीस कशी? मी विंच, दोर, वारा सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती. मग विम्यातली बाई जागी झाली. “आणि टायर? कडेवर उभ्या बोटीखाली तू गेलीस?” मी म्हटलं, आधीच ठेवले. “आधी ठेवले असते तर दोन टायर उभ्या कडेखाली आले असते, आणि टायरांवर बोट कडेवर उभी राहिली नसती,” ती म्हणाली.

खरंच होतं ते. मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. मी ताटात बघितलं आणि म्हटलं, “मला आठवत नाही.”

एकदा ते निघालं आणि मग थांबेना. डबा सांगितला, शिडी सांगितली, ताडपत्री सांगितली. सैलाचा चेहरा आजीच्या भट्टीतले हातमोजे सापडले होते त्या दिवशीसारखा झाला. तिने पर्स उघडली. फ्लॅटच्या कागदाच्या खाली दुसरा कागद होता. स्मरणशक्तीची तपासणी, मोठं इस्पितळ, ऑगस्ट. वेळ आधीच घेतलेली होती. मुलीला आईची ओळख असते, एवढंच म्हणायचं.

ताइस्तोने काटा खाली ठेवला. “काही लोक,” तो म्हणाला आणि थांबला. सैला म्हणाली, काका, आत्ता नको. तो पुन्हा म्हणाला, “काही लोक न बोलावता दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जातात.” त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं त्याला घशात काटा लागला.

“मी गेलो,” तो म्हणाला.

चौतीस वर्षांत या माणसाच्या तोंडून ‘मी’ हा शब्द मी ऐकला नव्हता. “बोट मी उलटवली. ती पडली असती. टायर मी लावले. लाल डबा मी वर ठेवला. ताडपत्री मी घातली. हेल्वी, तुझं डोकं ठीक आहे.”

मला एकाच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि बटाट्यांचं पातेलं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. महिनाभर मी रोज मेले होते. डोकं शाबूत होतं, पण मग बोट मी उलटवलेली नव्हती. दोन्ही एकदम माझ्या वाट्याला येणार नव्हतं आणि कुठलं घ्यायचं ते मला कुणी विचारलं नव्हतं.

“तू माझ्या शेडमध्ये शिरलास?” मी विचारलं. “तीन वेळा तू माझ्या किनाऱ्यावर आलास?”

“चार,” तो म्हणाला.

“चौथ्यांदा काय केलंस?”

“काही नाही. शनिवारी तुझ्या सॉनाचा धूर दिसला नाही. आलो. तू खिडकीत बसली होतीस. मग परत गेलो.”

सैला नाक पुसत होती. बटाटे गार होत होते.

मी सरळ बाई आहे. टपाल कुणाचं आहे हे कळलं की ते ज्याचं त्याला द्यावं लागतं. मी म्हटलं, करार मोडला. बोट एकटीने झालेली नाही. सही कुठे करायची ते दाखव.

सैलाने कागद माझ्यापुढून ओढून घेतला. “मला वाटलं होतं आठ दिवसांत थकशील आणि कुणाला तरी हाक मारशील,” ती म्हणाली. “मला तेवढंच बघायचं होतं. तू हाक मारतेस का, आणि मारलीस तर कुणी येतं का.”

मी म्हटलं, मग तसं सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं असतं तर मारली असतीस? मी विचार केला. नसती मारली.

तिने फ्लॅटचा कागद उलटा करून ताइस्तोपुढे ठेवला आणि म्हणाली, “काका, फोन नंबर लिहा.” तपासणीचा कागद मात्र तिने पर्समध्ये परत घातला, फाडला नाही. विमा तो विमा. ताइस्तोने चार वेळा पेन झटकून नंबर लिहिला. आता नवा करार असा की रोज सकाळी नऊला मी त्याला फोन करायचा. हाक म्हणून. ताइस्तोला विचारलं चालेल का, तर तो म्हणाला, काही लोक नऊला उठलेले असतात.

२२ जून, रविवार

काल पहिला फोन केला. नऊला. पहिल्या घंटेलाच उचलला. मी म्हटलं, हेल्वी. तो म्हणाला, हं. मी ठेवला. करार पाळला.

आज नऊला केला तेव्हा त्याच्या “हं” नंतर मी ठेवला नाही. बोट पुन्हा सुलटी करायची होती. रंग वाळला होता आणि सैला संध्याकाळी जाणार होती. विंच होती, दोर होते, पाइन होता. वारा अजिबात नव्हता. मी रिसीव्हर धरून उभी होते. सैला स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत नव्हती, म्हणजे कान इकडेच होते.

मी म्हटलं, “बोट सुलटी करायची आहे. ये.”

पलीकडे इतका वेळ काही नव्हतं की मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, “येतो.” खिडकीतून बघितलं तर तो आधीच होडीत बसत होता. रिसीव्हरची तार लांब असावी.

दोघांनी मिळून वीस मिनिटांत सुलटी केली. विंच मध्येच पुन्हा अडकली, त्याने तिला तळहाताने एक रट्टा दिला आणि ती चालू झाली. महिनाभर मी त्या विंचेशी सभ्यपणे वागत होते ही चूक झाली. शेवटी बोट पाण्यात ढकलायची वेळ आली तर तळाचं बूच कुठे ठेवलं ते मला आठवेना. खिसे चाचपले, बाक बघितला. गेल्या आठवड्यात असं झालं असतं तर पिनकोड म्हणत बसले असते.

“ताइस्तो,” मी विचारलं, “बूच कुठे आहे?”

“शेडमध्ये,” तो म्हणाला. “कॉफीच्या निळ्या डब्यात. डावीकडे.”

तिथेच होतं.